दोनशे नॅनोसेकंद

४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

परत आलेल्या सातही यंत्रांमधले आवाज पुसले गेले आहेत. आमच्या चाचणी विभागातल्या काकूंनी काल ते नक्की केलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, "काकू, बिघडलेत की गेलेत?" त्या म्हणाल्या, "गेलेत. बिघडले असते तर निदान खरखर तरी ऐकू आली असती."

हे पत्र तू नेहमीसारखं चहा घेताना मामीला मोठ्याने वाचून दाखवशील, म्हणून तिला कळेल असं लिहिते. मामी, आमची कंपनी बोलकं यंत्र बनवते. आजाराने ज्यांचा आवाज हळूहळू जाणार आहे, ती माणसं आवाज शाबूत असताना आपली वाक्यं त्यात भरून ठेवतात. पुढे बटण दाबलं की यंत्र त्यांच्याच आवाजात बोलतं. हे आवाज एका चिपमध्ये साठवलेले असतात, यंत्र बंद केलं तरी राहतात. त्या चिपशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिलाय. तेव्हा आवाज गेले म्हणजे चुकली ती चिप, नाहीतर मी.

सातांपैकी एक यंत्र शाळेतल्या एका बाईंचं आहे. त्यांनी अख्खी सुट्टी बसून वाक्यं भरली होती, पोरांना दटावायचीसुद्धा. आता त्यांना अजिबात बोलता येत नाही, त्यामुळे पुन्हा भरायचा प्रश्नच नाही. यंत्र घेऊन त्यांचे यजमान स्वतः आले होते. म्हणाले, "ती मला सकाळी 'उठा, जग कामाला लागलं' म्हणायची. आजारी पडल्यावर यंत्रातून म्हणायची. आता हे बघा." आणि माझ्यासमोर बटण दाबलं. काही झालं नाही. मग पुन्हा दाबलं, जरा जोर लावून.

आता चिपचं. तिला "हे लिही" म्हटलं की ती कामाला लागते आणि आपली एक तार खाली ओढते. तार खाली, म्हणजे मी कामात आहे, थांबा. पण तार ओढायलाही तिला किंचित वेळ लागतो. त्याच्या आत आपण बघितलं तर तार अजून वरच असते. आपल्याला वाटतं, झालं हिचं काम, मोकळी आहे. आपण पुढचं काम तिच्या गळ्यात मारतो आणि आधीचं बोंबलतं. आमचं यंत्र अधूनमधून वाक्यं एका जागेवरून दुसरीकडे हलवतं. नवीकडे लिहून झालं असं समजून जुनी जागा पुसतं. नवीकडे लिहिलंच गेलं नसेल तर दोन्हीकडून गेलं. म्हणून तार बघण्याआधी किती थांबायचं, तो आकडा चिप बनवणारे देतात. ह्या चिपचा शंभर नॅनोसेकंद; एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग.

मामा, सातही यंत्रांत तुमच्या कंपनीकडून उन्हाळ्यात आलेल्या नव्या लॉटच्या चिपा आहेत. तेव्हा मी फोनवर विचारलं होतं, सगळी तपासणी पुन्हा करू का? तू म्हणालास, "घाई, चिप तीच आहे. डोळे झाकून घाल." मी घातली. ड्रायव्हरमधल्या आकड्यांच्या तक्त्यात तिच्यासाठी वेगळी ओळ केली नाही. चिपला ओळख विचारली तर तीही जुनंच नाव सांगते.

खरंच काही बदललेलं नाही ना?

तुझी
घाई

९ नोव्हेंबर

प्रिय घाईबाई,

पत्र वाचून दाखवलं. त्या बाईंच्या यजमानांपाशी आलो तेव्हा मामीने कप खाली ठेवला, तो चहा तिथेच गार झाला. मग मला म्हणाली, "तुमच्या चिपला जरा समज द्या." मी म्हटलं, "समज भाचीलाच द्यावी लागेल, चिपशी तीच बोलते."

कामाचं बोलू. चिप तीच आहे. इतकी वर्षं ग्राहकांना तांत्रिक सल्ला देतोय, आमच्या फळीवरची चिप मी वासाने ओळखतो. पण मला तुझा भागाकारही ओळखीचा आहे. कॉलेजच्या सुट्टीत आमच्या जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून तू पहिला ड्रायव्हर लिहिलास, आठवतं? मी सांगितलं होतं, आकडा चिपचा लिहायचा, आपल्या घड्याळाचा नाही. चिपने नॅनोसेकंद मागितले तर नॅनोसेकंदच लिही. त्याचे आपल्या घड्याळाचे किती ठोके होतात, ते प्रोग्रामला काढू दे. तेवढं तू शहाण्यासारखं केलंस. पण भागाकारात बाकी उरली की प्रोग्राम ती फेकून देतो आणि आपलं थांबणं आखूड पडतं. थांबायचं असेल तर वरचा आकडा धरावा लागतो. तू खालचा धरला होतास. मामी तुला म्हणाली होती, "दार उघडायच्या आत आत शिरणारी पोरगी." तेव्हापासून तू घाई.

माझा कयास असा, की तिथेच पुन्हा पाय घसरलाय. नीट बघ. आणि दुरुस्तीला हात घालतेच आहेस तर कंजुषी करू नकोस, शंभराच्या जागी दोनशे धर. तेवढ्या थांबण्याने कुणाची गाडी चुकत नाही.

फोनवर नेमकं काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. ऑफिसात त्याचा उल्लेख करू नकोस. लोक उगाच नात्यावर घसरतात.

तुझा
मामा

१४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

सापडलं. तू म्हणालास तिथेच.

आमच्या घड्याळाचा एक ठोका बारा नॅनोसेकंदांचा. शंभराला बाराने भागलं की आठ येतात आणि बाकी उरते चार. ती चार उडाली. आठ ठोके म्हणजे शहाण्णव. चिपने शंभर मागितले आणि मी शहाण्णव देऊन मोकळी झाले. बाकी सगळीकडे वरचा आकडा धरलाय, ही एक ओळ राहून गेली. तुझं पत्र हातात घेऊन बसले नसते तर अजूनही दिसली नसती.

साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. "चूक माझी आहे" हे उभ्याने सांगायचं की बसून, ते दारात उभं राहूनही ठरेना. शेवटी उभ्यानेच सांगितलं. ते पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मग म्हणाले, "चार नॅनोसेकंदांपायी?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वरचा आकडा धरला, तुझे दोनशेही घातले. चिप तापली की त्रास वाढतो, हे काकूंनी आधीच शोधलं होतं, म्हणून यंत्र गरम पेटीत ठेवून चालवलं. एकही वाक्य गेलं नाही. पुढची यंत्रं वाचतील. गेलेले आवाज मात्र गेले.

मामा, तुला एकदा लिहून टाकते, म्हणजे छातीवरचा दगड उतरेल. सात माणसांचे आवाज माझ्या निष्काळजीपणामुळे गेले. चिपचा ह्यात काही दोष नाही. तुझ्यावर क्षणभर संशय घेतला त्याची लाज वाटते.

मामीला हे वाचून दाखवताना शेवटचा परिच्छेद गाळलास तरी चालेल.

तुझी
घाई

१८ नोव्हेंबर

प्रिय घाई,

पत्र मिळालं. इतकं स्वच्छ लिहायला धाडस लागतं. मनाला लावून घेऊ नकोस, हात काळे झाल्याशिवाय ह्या धंद्यात कुणी शिकत नाही.

तुमच्या कंपनीकडून आमच्याकडे चिपबद्दल लेखी विचारणा आली आहे. उत्तर मलाच द्यायचंय. तू निर्धास्त राहा, मी बघतो.

मामा

१ डिसेंबर

मामा,

साहेबांनी आज मला बोलावलं आणि टेबलावरून दोन कागद माझ्याकडे सरकवले.

पहिला तुमच्या कंपनीचं उत्तर. चिपमध्ये ग्राहकाला त्रास व्हावा असा कोणताही बदल नाही. दोष ड्रायव्हरमध्ये असून ग्राहकाच्या अभियंत्याने तो स्वतः मान्य केला आहे. सोबत प्रत.

प्रत म्हणजे दुसरा कागद. माझं पत्र. माझं अक्षर. वरचं "प्रिय मामा" आणि खालचं "तुझी घाई" पट्टी लावून झाकलं होतं. मामीची ओळ झाकायची राहिली. साहेबांनी तिच्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्या मामी कोण?"

उत्तराखालची सही मी तोवर वाचली होती. वाढदिवसाला तू दिलेल्या प्रत्येक पुस्तकावर असते तीच.

जागेवर येऊन बसले. थोड्या वेळाने काकू आल्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. म्हणाल्या, "माझं तुला विचारायचं राहून गेलं. तू दोन बदल एकदम केलेस. गुण कशाने आला?"

"दोन्हींनी."

"दोन औषधं एकदम घेतलीस तर दोन्हींनीच वाटणार. एक काढ बघू."

तुझे दोनशे काढले. भागाकार दुरुस्त ठेवला, म्हणजे आता पुरते एकशे आठ. यंत्र गरम पेटीत घातलं. जेवून येईपर्यंत वाक्यं जायला लागली होती.

मग तारेला ऑसिलोस्कोप लावला. पडद्यावर रेषा केव्हा खाली येते ते डोळ्यांनी दिसतं. जुनी चिप तापो न तापो, साठच्या आसपास तार ओढते. नवी चिप गार असताना नव्वदला ओढते. तापली की एकशे साठ. मी काकूंना म्हटलं, जोडणीत गडबड असेल. त्यांनी सगळं सोडवलं आणि पुन्हा जोडलं. एकशे साठ.

माझे चार नॅनोसेकंद खोटे नव्हते. ती चूक माझी, उद्याही माझीच म्हणेन. पण तिने कुणाचा आवाज नेला नाही. मी चार कमी दिले होते, मामा, आणि चिपला शंभरावर आणखी साठ हवे होते.

तुला आता एकच विचारायचंय. नव्या चिपचा आकडा मी तुला कळवला नव्हता. कळवणार कशी, मलाच माहीत नव्हता. तू दीडशे म्हणाला नाहीस. तीनशे म्हणाला नाहीस.

दोनशे कुठून आले?

६ डिसेंबर

पोरी,

तुझं पत्र मी फोडलं. ह्यांच्या नावाचं पाकीट मी आजवर फोडलेलं नाही, हे तुला माहीत आहे.

मागचं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं नव्हतं. "कामाचं आहे, तुला कळायचं नाही" म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला वाटलं, मामा-भाचीचं काही गुपित असेल, आपण कशाला नाक खुपसा. ह्या वेळी पाकिटावर तुझं अक्षर कागद फाटेल असं दाबून आलेलं दिसलं. हे बाहेर गेले होते. मी चहा केला आणि समोर कुणी नसताना मोठ्याने वाचलं.

तुमचं नॅनो-बिनो मला समजत नाही. "दोनशे कुठून आले" हे समजलं. जेवताना तेच विचारलं. म्हणाले, "अंदाजाने." मी म्हटलं, "तुम्ही वरणात मीठसुद्धा अंदाजाने घालत नाही." मग ताट सरकवून बसले. म्हणाले, मार्चपासून ठाऊक होतं. कुणी विचारलं तरच नवा आकडा द्यायचा, असं कंपनीत ठरलं होतं.

मी म्हटलं, "मग तिने विचारलं होतं की."

त्यावर उठून हात धुवायला गेले आणि नळ किती तरी वेळ वाहत राहिला.

मी ह्यांची बाजू घ्यायला लिहीत नाही. तुझी घ्यायला लिहितेय, पण ती कशी घेतात ते मला कळत नाही. तुझ्या साहेबांनी मामी कोण म्हणून विचारलं ना? सांग त्यांना, चहा गार होईस्तोवर ऐकत बसायची ती.

मामी

९ डिसेंबर

घाई,

मामीने सांगितलंच आहे, तेव्हा आडपडदा नको.

दोनशे हा नव्या चिपचा आकडा. उन्हाळ्यात आलेली चिप आतून वेगळी आहे. लहान, बनवायला सोपी. नाव तेच ठेवलं, कारण नाव बदललं की प्रत्येक ग्राहक सगळी तपासणी नव्याने करतो आणि माल वर्षभर पडून राहतो. विचारील त्यालाच सुधारित आकडे द्या, असं वरून आलं. तू फोन केलास तेव्हा विक्रीप्रमुख माझ्यासमोर बसले होते. म्हटलं, नंतर घरून तिला सांगू. मग राहिलं. मग तुमची यंत्रं लोकांच्या घरी गेली, आणि त्यानंतर सांगायला तोंड उरलं नाही.

पण आकडा मी तुला दिला की नाही? हे तू विसरतेस. बाकीचे ग्राहक आजही शंभरावरच चाललेत. तू माझी भाची नसतीस तर तुलाही दिला नसता. तुझी यंत्रं आज चालताहेत ती त्या एका ओळीमुळे.

पत्राची प्रत जोडली, त्याचं मला वाईट वाटतं. विक्रीप्रमुखांना काहीतरी हातात हवं होतं. तू साहेबांना सगळं आधीच सांगितलं होतंस, त्यामुळे नव्याने काही बिघडेल असं वाटलं नाही. आणि चार नॅनोसेकंद तुझेच होते ना? मी खोटं तर काही जोडलं नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. सोमवारी दोन्ही कंपन्यांची बैठक आहे असं कळलं. तिथे दोनशेचा विषय काढू नकोस. भागाकारावर मिटू दे. तुझी नोकरी जाणार नाही, मी तुमच्याकडे शब्द टाकलाय. बाकीचं घरी ये, समोरासमोर बसून बोलू. मामी माझ्याशी धड बोलत नाही.

मामा

११ डिसेंबर

प्रति,
तांत्रिक सल्लागार,
चिप पुरवठा विभाग

महोदय,

आपलं ९ तारखेचं पत्र मिळालं. ते मी कुणाला दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. खासगी पत्रांच्या प्रती काढायची पद्धत आमच्याकडे नाही.

माझ्या नोकरीसाठी आपण शब्द टाकल्याचं कळलं. तो परत घ्यावा, ही विनंती.

बैठक सोमवारी सकाळी अकरा वाजता आमच्या प्रयोगशाळेत आहे. आमच्या साहेबांनी मान्य केलेला क्रम कळवते. सुरुवातीला मी माझी चूक सांगेन. भागाकाराची ओळ भिंतीवर मोठी करून दाखवणार आहे, म्हणजे मागच्यांनाही वाचता येईल. त्यानंतर चाचणी विभागातल्या काकू जुनी आणि नवी चिप गरम पेटीत ठेवतील आणि तारा बाहेर आणून ऑसिलोस्कोपला जोडतील. तार केव्हा खाली येते ते सगळ्यांना पडद्यावर दिसेल. आकडा आम्ही वाचला तर शंका येऊ शकते, म्हणून तो पुरवठादाराच्या माणसाने वाचावा, असं मी सुचवलं. साहेबांनी त्यासाठी आपली नेमणूक केली आहे.

ड्रायव्हरमध्ये मी काल दुरुस्ती केली. दोन्ही चिपा एकच नाव सांगत असल्यामुळे दोघींनाही दोनशे दिले आहेत. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला हे लिहायची आमची पद्धत आहे. ती जागा तूर्त रिकामी ठेवली आहे. मोजून आलेला एकशे साठ हे आमच्या टेबलावरच्या चिपचं वागणं झालं. चिप जास्तीत जास्त किती वेळ घेईल, हा शब्द बनवणाऱ्यानेच द्यायचा असतो आणि ड्रायव्हरमध्ये तोच लिहायचा असतो. हे मला एका जेवणाच्या टेबलावर शिकवलं गेलं आहे. सोमवारी तो शब्द लेखी मागितला जाईल. तो त्याच दिवशी बाकीच्या सर्व ग्राहकांनाही कळवावा, अशीही मागणी आहे. त्यांच्याकडे कुणाचं काय साठवलेलं आहे, हे आम्हाला माहीत नाही.

यंत्र परत केलेल्या सातही घरांना बोलावलं आहे. शाळेतल्या बाई यजमानांसह येणार असल्याचं त्यांनी कळवलं आहे. त्यांच्यासाठी ऑसिलोस्कोपच्या अगदी जवळ दोन खुर्च्या ठेवल्या आहेत.

बाईंना बोलता येत नाही. ऐकू मात्र स्वच्छ येतं. आकडा मोठ्याने वाचावा.

आपली,
ड्रायव्हर विभाग